चौकातील चिरवसंत

बाग ही वस्तू पुणेकराला तिच्या मूळच्या, ओलसर व पानगळीच्या स्वरूपात फारशी मानवत नाही. परंतु बागेचे नाव, बागेची प्रतिमा आणि बागेत काय करू नये हे सांगणारी पाटी, या तीन गोष्टींवर त्याची जी अव्यभिचारी निष्ठा आहे तिला तोड नाही. तुळशीबागेच्या गर्दीत शिरणाऱ्या शेकडो स्त्रियांपैकी तुळस घ्यावयास आलेली स्त्री शोधून काढणे पोलीसखात्यासही साधणार नाही. तेथे पोळपाट मिळेल, केसांचा आकडा मिळेल, भातुकलीची पितळी चूल मिळेल, रामाचे दर्शनही घडेल. बेलबागेतील मुख्य देऊळ विष्णूचे आहे. बेल वाहावयाचा तो शंकराला, हे नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्याला ठाऊक नसेल असे मानणे धाडसाचे होईल. सबब, राज्यकारभारात जसे एकाच्या नावची जहागीर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन दोघांनाही कह्यात ठेवावयाचे असते, तसेच काही धोरण त्या बाबतीतही असावे, असे समजून आपण पुढे जाऊ.

सारसबागेची कथा याहून उद्बोधक आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी जे विस्तीर्ण तळे खणविले, त्याच्या मधोमध राखलेल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत सिद्धिविनायकाची स्थापना झाली. कालांतराने ते मोठे तळे नाहीसे झाले, त्या जागेवर हिरवळ अंथरली गेली, बाके आली, भेळेच्या गाड्या आल्या. पण त्या गणपतीस शहर आजतागायत 'तळ्यातला गणपती' म्हणूनच ओळखते. थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगात लोकरीचा स्वेटर व मस्तकी कानटोपी चढविण्यात येते, ती बहुधा त्या गेलेल्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यासाठी असावी. वस्तू नाहीशी झाली तरी तिच्या नावे चालणारा शिरस्ता खंडित होऊ द्यावयाचा नाही, हे या शहराचे धोरण पेशवाईपासून कायम आहे. आणि हल्ली चौकाचौकांत जी पोलादी फुले, फायबरची फुलपाखरे व विजेची झाडे उगवू लागली आहेत, त्यांची मुळे (त्यांना दुसरी मुळे नसल्यामुळे) मी त्या धोरणातच शोधतो.

बागेतून कल्पना उचलावी व तिची टिकाऊ कलाकृती करावी, ही चालही येथे नवी नाही. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे हे सोळा पाकळ्यांचे कमळ होय. बालपेशवे सवाई माधवराव यांच्या मनोरंजनार्थ ते उभारले गेले असे सांगतात. त्याचे नाव हजारी असले तरी पाण्याची तोंडे मोजण्याच्या भरीस पडलेल्या चिकित्सक मंडळींची बेरीज हजाराच्या जवळपासही जात नाही, आणि त्यामुळे अंदाजपत्रक व प्रत्यक्ष काम यांतील तफावतीचा या शहरातील हा एक फार जुना दाखला म्हणून मी त्याकडे आदराने पाहतो. एक गोष्ट मात्र त्या कारागिरांच्या पदरात घातलीच पाहिजे. कात्रजच्या तलावाचे पाणी बंदिस्त नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरातील हौदांपर्यंत व शनिवारवाड्यापर्यंत येत असे. त्या व्यवस्थेत मोटार नव्हती, आणि ज्या अर्थी मोटार नव्हती त्या अर्थी ती जळालेलीही नव्हती. आजच्या चौकातील कारंजे उद्‌घाटनाच्या दिवशी जे उडते ते पुढे मोटार जळाल्यामुळे, मोटार दुरुस्तीस गेल्यामुळे, दुरुस्त होऊन आलेली मोटार बसविणारा मनुष्य न आल्यामुळे, आणि अखेरीस पाणीकपातीमुळे, असे क्रमाक्रमाने विश्रांती घेत राहते. त्याच्या कोरड्या हौदात पावसाळ्यात डास होतात, उन्हाळ्यात वडापावचे कागद साठतात, आणि दोन्ही ऋतूंत 'पाण्यात उतरू नये' ही पाटी आपले कर्तव्य बजावीत उभी असते.

परंतु पुण्याने वसंतऋतू खऱ्या अर्थाने वटहुकमाने आणला तो जानेवारी २०२३ मध्ये. त्या महिन्याच्या १६ व १७ तारखांना जी-२० राष्ट्रांच्या पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक सेनापती बापट मार्गावरील एका पंचतारांकित हॉटेलात भरली. उद्याच्या शहरांसाठी पैसा कोठून आणावा, हा तेथील चर्चेचा प्रमुख विषय होता. आणि उद्याच्या शहराची चर्चा करण्यास येणाऱ्या पाहुण्यांना आजचे शहर दिसता कामा नये, अशा उदात्त हेतूने विमानतळापासून बैठकीच्या स्थानापर्यंतच्या मार्गाची जी रंगरंगोटी झाली, तिच्या आठवणीने त्या भागातील रहिवासी अद्याप सद्‌गदित होतात. ज्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या गुप्तरोगांवरील रामबाण औषधांच्या जाहिराती सुखाने नांदत होत्या, तेथे रातोरात वेली चढल्या, पक्षी बसले आणि पाने फुटली. दुभाजकांत ऐन बहरातील झेंडू व शेवंती अशा सफाईने अवतरली की ती येथेच रुजली, येथेच वाढली, असे वाटावे. फक्त पाणी घालणारा मनुष्य कुंड्यांच्या ओळीवर आपला नळ धरी तेव्हा ते बिंग फुटे. जी-२० च्या त्या वर्षीच्या बोधचिन्हातच कमळ व त्यावर पृथ्वी असल्यामुळे कमळांची तर इतकी रेलचेल झाली की शनिवारवाड्यातील दगडी कमळाला आपल्या वंशविस्ताराचे कौतुक वाटले असेल.

या समारंभाने एक प्रशासकीय पेच मात्र उभा केला, त्याची नोंद इतिहासकारांनी घेतलेली नाही. पुण्यात कोणतीही सार्वजनिक वस्तू, मग ती बाक असो, कमान असो, वा नामफलक असो, तिच्यावर 'संकल्पना' या शीर्षकाखाली नगरसेवकाचे नाव असल्याखेरीज ती पूर्ण झाली असे समजण्याचा प्रघात नाही; बाकावर बसण्याची कल्पना मानवजातीला त्या प्रभागातच प्रथम सुचली, हे त्या फलकावरून कळते. परंतु महापालिकेच्या सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि त्यामुळे एवढा मोठा वसंत शहरात आला तो निनावी आला. त्याची संकल्पना कोणाची, हे आजतागायत दप्तरी दाखल नाही.

नागरिकांनी या सजावटीकडे दुहेरी दृष्टीने पाहिले. प्रथम, पैशाचा हा अपव्यय आहे, असे एकमताने ठरले. नंतर, पाहुणे दर महिन्यास यावेत, म्हणजे निदान खड्डे तरी बुजतील, असेही तितक्याच एकमताने ठरले. दैवाने दुसरी प्रार्थना ऐकली व त्याच वर्षीच्या जूनमध्ये अंकीय अर्थव्यवस्था आणि शिक्षण या विषयांवरील मंडळी पुण्यास आली. तेव्हा पावसाच्या तोंडावर तीच फुले पुन्हा फुलवावी लागली. मधल्या काळात, एप्रिलच्या अखेरीस, नदीकाठच्या सुशोभीकरणात जाणाऱ्या खऱ्या झाडांना मिठ्या मारण्यासाठी हजारो पुणेकर संभाजी उद्यानापासून मोर्चाने निघाले होते. एकाच वर्षात भिंतीवरील पानांसाठी रंग आणि फांदीवरील पानांसाठी मोर्चा, असा दोन्ही आघाड्यांवर जो हरित उत्साह या शहराने दाखविला त्याचा मेळ कसा घालावयाचा, हे मला अजून उमगलेले नाही.

कुंड्यांच्या बाबतीत पुण्याची अब्रू बऱ्यापैकी राहिली असे म्हणावे लागेल. कारण त्याच सुमारास दिल्लीजवळील गुरुग्राम येथे, जी-२० च्याच पाहुण्यांसाठी मांडलेल्या कुंड्या भर दिवसा एका महागड्या मोटारीत भरून नेणाऱ्या सद्‌गृहस्थांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. मोटारीच्या किमतीत अशा कुंड्यांची एक अख्खी रोपवाटिका आली असती. पण फुकट मिळालेल्या शेवंतीला जो सुवास असतो तो विकतच्या शेवंतीला नसतो, हे रसिकांस सांगावयास नको.

असो. कुंड्या येतात आणि जातात. चौकात कायमचे रोवले जाते ते धातूचे फूल, आणि त्याचे चरित्र हाच माझ्या आस्थेचा खरा विषय आहे. आमच्या भागातील एका चौकात असे एक फूल आहे. त्यास गंज न चढणाऱ्या पोलादाच्या पाच पाकळ्या, मध्ये केसर म्हणून वाकविलेल्या नळ्या, खाली दोन गोल पाने, आणि रात्री जांभळ्यापासून पोपटीपर्यंत रंग पालटणारे दिवे आहेत. ते बसविण्याचे काम चालू असता भाजीची पिशवी घेऊन परतणाऱ्या एका आजीबाईंनी, क्रेनखाली उभ्या असलेल्या कामगारास, "काय रे बाळा, हे कशाचं फूल म्हणायचं?" असे विचारले. त्याने घाम पुसून अत्यंत विनयाने उत्तर दिले, "आजी, अडीचशे किलोचं."

वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना हे उत्तर पटले नाही. त्यांनी सकाळच्या फिरण्यास विराम देऊन त्या फुलाचे सर्व बाजूंनी निरीक्षण केले, आणि जमलेल्या मंडळींस समजावून दिले की पाच सुट्या पाकळ्या व मधून वर गेलेली, केसरांनी वेढलेली नळी ही जास्वंदीची खूण होय. परंतु पानाचा देठ कडेला न जोडता पानाच्या मध्यभागी जोडलेला आहे, तो कमळाचा. आणि देठावर काढलेले काटे पाहिले तर गुलाब मानावा लागतो. एवंच, ही जात सृष्टीत आढळत नसून निविदेतच फुलणारी आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला.

"मग नाव काय लिहायचं, सर?" फलक रंगविणाऱ्याने विचारले.

"काही लिहू नका," सर म्हणाले. "लोक आपोआप ठेवतील."

लोकांनी ते ठेवलेही. प्रारंभी रिक्षावाले त्यास 'फूल चौक' म्हणत. मग एका पावसाळ्यात टेम्पोच्या धक्क्याने एक पाकळी वाकली व पत्ता सांगण्याची मोठी सोय झाली. कारण चौकास चार रस्ते मिळत असल्यामुळे 'फुलापासून डावीकडे' या वाक्याने कोणीच इष्ट स्थळी पोहोचत नसे, परंतु 'वाकड्या पाकळीच्या दिशेने सरळ' म्हटले की चुकण्याची शक्यता उरत नाही. आता ती पाकळी सरळ करण्याची तजवीज झाल्यास परिसरातील रहिवासी हरकत घेतील, आणि तिला वारसा म्हणून जाहीर करावे असाही अर्ज कोणीतरी करील, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

कलाकृती व जनता यांच्यातील नाते दृढ करावयाचे म्हणजे कलाकृतीभोवती कठडा घालावयाचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. या फुलाभोवतीही कठडा आहे, आणि खरे सांगावयाचे तर फुलापेक्षा कठडाच अधिक लोकप्रिय आहे. सकाळी त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडले जातात, दुपारी हेल्मेट वाळत घातले जाते, संध्याकाळी पेन्शनर बसतात आणि रात्री तरुण बसतात. पेन्शनर तरुणांविषयी बोलतात, तरुण पेन्शनरांविषयी बोलत नाहीत. श्रावण संपता संपता मंडपाची दोरी एका पाकळीस बांधली जाते, भाद्रपदात केसरांवर ध्वनिक्षेपक चढतो, अश्विनात देठाभोवती माळांचे दिवे गुंडाळले जातात, आणि उरलेल्या नऊ महिन्यांत कोणातरी युवा नेत्याचा वाढदिवस असल्यामुळे फूल फलकाच्या मागे असते. त्या नेत्याचे हास्य फुलापेक्षा मोठे असते, ही गोष्ट प्रमाणबद्धतेच्या दृष्टीने आक्षेपार्ह असली तरी चौकाला त्याचे काही वाटत नाही. एका साळुंकीने मात्र त्या नळीत घरटे केले. वनस्पतिशास्त्राने नाकारलेल्या फुलाला प्राणिशास्त्राने असा आश्रय घेऊन मान्यता दिली, याचे प्राध्यापकमहाशयांना इतके समाधान वाटले की ते रोज येताना खिशातून पोळीचा तुकडा आणू लागले.

त्या फुलाला आंघोळ कोणी घालावयाची, हा प्रश्न याहून बिकट आहे. सार्वजनिक हिशेबाच्या शास्त्राप्रमाणे फूल उभारणे हा भांडवली खर्च आणि ते पुसणे हा महसुली खर्च. नगरसेवकांच्या प्रभागातील कामांसाठी असलेल्या 'स' यादीतून फुलासाठी तरतूद निघू शकते, कारण फुलाचे उद्‌घाटन करता येते. पुसण्याचे उद्‌घाटन करण्याची पद्धत अद्याप रूढ झालेली नाही. शिवाय, ते फूल असल्यामुळे उद्यानखात्याचे, विजेचे असल्यामुळे विद्युत्‌खात्याचे, रस्त्यात असल्यामुळे पथखात्याचे आणि धुळीने माखलेले असल्यामुळे घनकचरा खात्याचे, अशी त्याच्यावर चार खात्यांची माया आहे. आणि जेथे चार माया असतात तेथे लेकराचे नाक कोणी पुसावयाचे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. ते काम अखेर मृगनक्षत्राकडे जाते, व मृग ते पार पाडतो.

स्पेनमधील बिल्बाओ या नगरीत गुगेनहाइम संग्रहालयाच्या दारात जेफ कून्स नामक अमेरिकन कलावंताने केलेले एक अवाढव्य कुत्र्याचे पिल्लू आहे. त्याची उंची सुमारे बारा मीटर असून ते नखशिखान्त जिवंत फुलांनी मढविलेले आहे. आतून पाणी खेळविलेले आहे, आणि वर्षातून दोन वेळा त्याची सर्व फुले बदलून ऋतूप्रमाणे नवी लावतात. ही हकिकत मी आमच्या कठड्यावर सांगितली तेव्हा फुलांविषयी कोणी काही विचारले नाही. बारा मीटरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले आहे काय, त्याला कोणी खायला घालते काय, आणि घालत असल्यास ती बाई कोणत्या सोसायटीत राहते, एवढीच पृच्छा झाली. परदेशी कलाकृती आपल्या भूमीवर रुजवावयाची म्हणजे अशा अडचणी येतात.

तरीही अशी एक कलाकृती पुण्यात रुजली आहे, हे मान्य करणे प्राप्त आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, ज्याचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ते जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवरून बेतलेले आहे. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये आरंभिलेली ती बाग १७०० मध्ये पुरी झाली. म्हणजे ज्या काळात आमचे पूर्वज संभाजी व राजाराम महाराजांच्या नेतृत्वाखाली औरंगजेबाशी झुंजत होते, त्या काळात ओकायामाचे सरदार तळ्याची वळणे आखीत होते. जपानी उद्यानकाराची एक युक्ती मला मोठी मनोहर वाटते: बागेच्या हद्दीबाहेरचा डोंगर, किल्ला वा वृक्षराजी अशा खुबीने दृष्टिपथात आणावयाची की ती बागेचाच भाग वाटावी. कोराकुएन असा ओकायामाचा किल्ला उसना घेते. शेजाऱ्याच्या मालकीची वस्तू आपल्या अंगणाच्या शोभेत जमा धरण्याची ही विद्या पुणेकरास शिकवावी लागली नाही.

ही बाग पु. ल. देशपांडे यांच्या नावे असणे हेही यथोचितच आहे, कारण 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात मराठी वाचकाला जपान दाखविला तो त्यांनीच. परंतु ती टिकली कशामुळे, याचे माझे उत्तर निराळे आहे. तिची हिरवळ, तिचे पाण्यावरील पूल आणि तिची कातरलेली झुडपे यांचे संरक्षण तेथील रखवालदाराच्या शिट्टीने केले आहे. हिरवळीच्या कडेवरून बालकाचे पाऊल आत पडण्याचा अवकाश, की दूरवरून ती शिट्टी वाजते, आणि बालकाबरोबर त्याचे आजोबाही दचकून मागे सरतात. आत खाद्यपदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे भेळेचा व सौंदर्याचा संबंध तेथे बुद्धिपुरस्सर तोडलेला आहे. जपानी संयम व पुणेरी पाटी यांचे हे मीलन इतके स्वाभाविक झाले आहे की, ओकायामा व पुणे यांची मैत्री करारामुळे झाली की स्वभावसाम्यामुळे, असा प्रश्न पडावा. पाहावे, हात लावू नये व निघावे, या त्रिसूत्रीवर दोन्ही संस्कृतींचे पूर्ण मतैक्य आहे.

मंजुरी, अंदाजपत्रक व निविदा यांच्या मार्गाने चांगली कलाकृती होतच नाही, असा आरोप मी करणार नाही. फक्त एक उदाहरण सांगतो. चंदीगडच्या बांधकामखात्यात नेकचंद नावाचे रस्ते निरीक्षक होते. १९५७ च्या सुमारास त्यांनी सरकारी राखीव जागेत, कोणाच्याही नकळत, फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाकाऊ फरश्या आणि नदीकाठचे दगड गोळा करून आपल्या कल्पनेतील एक राज्य रचण्यास प्रारंभ केला. नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री हे काम अनेक वर्षे चालले. सरकारला ते सापडले तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडावयास हवे होते. परंतु लोकांचा रेटा पाहून १९७६ साली ते 'रॉक गार्डन' म्हणून खुले झाले, आणि त्याच नेकचंदांना त्याच्या देखरेखीवर नेमण्यात आले. आपल्याच खात्यापासून लपून इतके काम करणारा कर्मचारी भारताच्या इतिहासात दुसरा झाला नसेल. खात्यापासून लपून काम न करणारे मात्र विपुल आहेत.

पुण्यातही मंजुरीवाचून उभी राहणारी, बागेच्या आधाराने रचलेली एक सार्वजनिक कला आहे, पण तिला कोणी कला म्हणत नाही, हे तिचे सुदैव. दिवाळीची सुट्टी लागली की वाड्यांच्या उरलेल्या चौकांत व सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये विटा, पोती आणि चिखल यांचे किल्ले उठू लागतात. त्या चिखलावर अळीव व मोहरी पेरतात. त्यावर पाणी शिंपडण्याच्या हक्कावरून रोज नवे तह होतात व मोडतात. आणि भाऊबिजेच्या सुमारास राजगडाच्या उतारावर बोटभर उंचीचे घनदाट अरण्य माजते. त्यात कुंभारवाड्यातून आणलेला मावळा वाघापेक्षा मोठा असतो, महाराजांच्या सिंहासनामागून आगगाडी जाते, बालेकिल्ल्यावर हेलिकॉप्टर उतरलेले असते, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनी हरकत घेतली तर "तो सुरतेहून आलाय" असे ठाम उत्तर मिळते. महापालिका संभाजी उद्यानात या किल्ल्यांच्या स्पर्धाही भरविते. चिखलातून खरोखर हिरवा होणारा असा हा शिल्पप्रकार आहे, आणि त्याची देखभाल रोज होते, कारण रोज पाणी घातले नाही तर शेजारच्या इमारतीतील मुलांचा अळीव आपल्याआधी उगवतो. एवढी कडक देखरेख कोणत्याही कंत्राटाच्या अटींत मी वाचलेली नाही.

मात्र अळिवाच्या अरण्याची सावली मुंगीपलीकडे कोणाला पुरत नाही, आणि पोलादी फुलाची तर तीही नाही. वैशाखातील दुपारी त्या फुलाच्या पाकळ्या अशा तापतात की साळुंकीही बाहेर जाते. सिग्नलपाशी थांबलेल्या दुचाकीस्वारावर ते फूल सूर्याचे किरण परावर्तित करून टाकते, म्हणजे एरवी आकाशातून येणारे ऊन त्याला बाजूनेही मिळते. पूर्वी त्या जागी वड होता, असे जुने लोक सांगतात. झाड कायद्याने पाडावयाचे म्हणजे १९७५ च्या अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, आणि त्याच झाडावर चिकटविलेली नोटीस, असा विधी आहे. आपल्या फाशीचे आज्ञापत्र आपल्याच छातीवर लावून उभा राहणारा आरोपी मनुष्यजातीत आढळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्यांवरील झाडांस वारशाचा मान दिला, आणि असे झाड पाडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरविले. ऐंशी वर्षांच्या वडाबद्दल ऐंशी रोपे. हिशेब चोख आहे. फक्त त्या ऐंशींच्या सावल्या एकत्र केल्या तरी त्यांत ज्येष्ठातील एक रिक्षाही मावत नाही.

मग सावली आहे कोठे? ती आहे, आणि विपुल आहे; आपल्या उद्यानांत ती सुरक्षित ठेवलेली आहे. तेथे चिंचा आहेत, पिंपरण्या आहेत, विलायती शिरीष आहेत, त्यांच्या खाली दात्यांच्या दिवंगत मातापित्यांच्या नावाची बाके आहेत. परंतु पुष्कळशा उद्यानांचा शिरस्ता असा की ती सकाळी उघडतात, ऊन चढू लागले की बंद होतात, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतात. म्हणजे चौकातील पोलादी झाड दिवसभर सर्वांस खुले, पण त्याला सावली नाही. आणि ज्या झाडाला सावली आहे ते सावलीची गरज असते तेवढ्या वेळेपुरते कुलपात. पोस्टमन, भाजीवाली, सामान पोहोचविणारी पोरे आणि सकाळपासून उभा असलेला वाहतूक पोलीस हे त्या वेळी गजांतून आतील हिरवळ पाहतात, व रखवालदार आतून त्यांना पाहतो.

चौकातील फुलांविषयी माझी काही तक्रार नाही. ती खुशाल फुलावीत, त्यांची संकल्पना ज्याची असेल त्याचे नावही ठळक लिहावे. उद्यानखात्यास अर्ज एवढाच आहे, की निदान चैत्रापासून मृगापर्यंत सर्व उद्यानांचे दरवाजे दुपारी बारा ते चार उघडे ठेवण्याचा हुकूम व्हावा. रखवालदाराची शिट्टी त्याच्याकडेच राहू द्यावी.